ब्रश फिरवला, अर्ध्या तासात केस पुन्हा जैसे थे: गरम ब्रशच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यावरचे इलाज

पहिल्या दिवशी केस झकास बसतात. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मात्र घराबाहेर पडून बसस्टॉपवर पोचेपर्यंत ते पुन्हा फुगलेले असतात, किंवा टाळूला चिप्प चिकटलेले असतात. मग ब्रश कपाटात जातो आणि दोष कंपनीला मिळतो. ब्रश खरोखर बिघडलेला असतो ते क्वचित. बहुतेक वेळा एका जातीच्या केसांसाठी केलेला ब्रश दुसऱ्याच जातीच्या केसांवर चालवलेला असतो, किंवा ओल्या केसांचा ब्रश कोरड्यावर आणि कोरड्याचा ओल्यावर.

एक आडाखा लक्षात ठेवला तर निम्म्या तक्रारी सुटतात. ब्रशचा प्रकार केसांच्या वळणावरून ठरवायचा, तापमान एका केसाच्या जाडीवरून आणि ब्रशचा आकार लांबीवरून. दुकानात हे तिन्ही एकाच वाक्यात गुंडाळून "सब टाइप के हेअर के लिए" म्हणून विकतात. घोळ तिथेच सुरू होतो.

हातात नेमकं काय आहे ते आधी पाहा

"हीटेड ब्रश" या एकाच नावाखाली तीन वेगळी यंत्रं विकली जातात.

पहिला गरम हवेचा ब्रश, म्हणजे हॉट एअर ब्रश. यात पंखा असतो, चालू केला की आवाज येतो आणि नळीच्या भोकांतून गरम हवा बाहेर पडते. वॅटेज साधारण ५०० ते १२००. हा अर्धवट वाळलेल्या केसांसाठी आहे. तो केस वाळवता वाळवता त्यांना आकार देतो.

दुसरा स्ट्रेटनिंग ब्रश. पंखा नाही, आवाज नाही. दात स्वतः १५० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात आणि त्यांच्या टोकांना टाळू भाजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. वॅटेज ४० ते ६०च्या आसपास. हा फक्त पूर्ण कोरड्या केसांसाठी.

तिसरा गोल थर्मल ब्रश. गरम नळी आणि तिच्याभोवती नायलॉनचे काटे, हवा नाही. शेंड्यांना आत किंवा बाहेर वळण द्यायला तो चांगला, पण केस सरळ करण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

खोक्यावर काहीही छापलेलं असो, वॅटचा आकडा वाचला की जात कळते. ५० वॅटचं यंत्र ओले केस वाळवू शकत नाही.

केस ओळखण्याच्या तीन चाचण्या

जाडी: गळलेला एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. काहीच जाणवत नसेल तर केस बारीक. हलकासा जाणवला तर मध्यम. बारीक तारेसारखा खरखरीत लागला तर जाड, ज्याला आपण राठ म्हणतो. डोक्यावर केस किती आहेत याच्याशी या चाचणीचा संबंध नाही. बारीक पण भरपूर दाट केस पुष्कळांचे असतात, आणि तापमान चुकतं ते यांचंच. केसांचा भारा मोठा दिसतो म्हणून २०० अंश लावलं जातं, आणि एकेक केस तर रेशमासारखा पातळ असतो.

दाटपणा: सगळे केस मागे घेऊन पोनी बांधा आणि तिचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. ५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे विरळ, ५ ते १० मध्यम, १०च्या पुढे दाट.

वळण: केस धुऊन काहीही न लावता, न विंचरता वाळू द्या. वाळल्यावर जे दिसतं ते खरं वळण. तेल लावून वेणी घातलेल्या केसांवरून अंदाज बांधू नका. वेणीच्या लाटांना जन्माचं वळण समजून कितीतरी जणी नको तो ब्रश घेतात.

केस पाण्यात टाकून तरंगतो की बुडतो ते पाहायची एक चाचणी सगळीकडे फिरते. तिच्यावर विसंबू नका, केसाला लागलेलं तेल किंवा सीरम तिचा निकाल फिरवतं. केस धुतल्यावर वाळायला किती वेळ घेतात ते पाहणं जास्त उपयोगाचं. दिवसभर ओलसर राहणाऱ्या लांब दाट केसांना हवेचा ब्रश कमी वॅटचा घेतला, तर हात दुखून येईल पण केस वाळणार नाहीत.

तक्रार पहिली: आकार टिकतच नाही

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, म्हणून इथे जरा थांबू.

केसाचा तात्पुरता आकार त्यातल्या हायड्रोजन बंधांवर, म्हणजे केसाच्या आतल्या नाजूक जोडांवर, अवलंबून असतो. पाण्याने किंवा उष्णतेने हे बंध सुटतात, आणि केस वाळताना किंवा थंड होताना ज्या आकारात असेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. म्हणजे आकार पक्का होतो तो केस गार होताना. ब्रशवरून बट सोडली आणि गरम असतानाच तिच्यात बोटं फिरवली, कानामागे खोचली किंवा रबर लावलं, तर तिने तोच नवा आकार घेतला.

इलाज सोपा आहे. हवेच्या ब्रशवर बट गुंडाळून ८ ते १० सेकंद गरम हवा द्या, मग गार हवेचं बटण दाबून तितकाच वेळ तशीच धरा आणि नंतर सोडा. गार हवेची सोय नसलेला हॉट एअर ब्रश घेऊच नये. स्ट्रेटनिंग ब्रशने एक भाग झाला की तो खांद्यावर मोकळा सोडून द्या आणि सगळं डोकं होईपर्यंत हात लावू नका. शेवटची बट झाल्यावर ५ मिनिटं थांबून मग विंचरा.

दुसरं कारण ओल. हवेच्या ब्रशसाठी केस साधारण ८० टक्के वाळलेले हवेत. ओळखायची खूण: बट पिळली तर थेंब येत नाही, पण हाताच्या मागच्या बाजूला लावली तर गार लागते. याहून ओले असले तर बट बाहेरून वाळते, आतून ओली राहते, आणि ती आतली ओल पुढच्या वीस मिनिटांत सगळा आकार मोडते. उलट, केस ठार वाळलेले असतील तर हवेची ऊब त्यांना वळवायला पुरत नाही. वाळलेला केस सैल पडायला स्ट्रेटनिंग ब्रशच्या दातांइतकी उष्णता लागते. ओलसर केसाचं काम पाणीच निम्मं करून ठेवतं. म्हणून रात्री न्हाऊन सकाळी हवेचा ब्रश फिरवणाऱ्यांना "याने काहीच होत नाही" असं वाटतं. स्प्रेच्या बाटलीने केस ओलसर करून घ्या, मग फरक पाहा.

तिसरं कारण तेल. आदल्या रात्री खोबरेल तेल चोपडून सकाळी शाम्पूचा एकच हात मारला, तर तेलाचा थर राहतो. तेलकट केस जड होऊन लोंबतात. शिवाय कच्च्या खोबरेल तेलातून १७५ ते १८० अंशांच्या आसपास धूर निघू लागतो. स्ट्रेटनिंग ब्रशचं तापमान याच टप्प्यातलं, त्यामुळे तो खमंग वास आणि दातांवर बसणारा तपकिरी चिकटा. तेल लावायचंच असेल तर धुण्यापूर्वी दोन तास लावा आणि शाम्पू दोनदा करा. ब्रशपूर्वी केसांवर तेल अजिबात नको. चमक हवी असेल तर सगळं झाल्यावर, केस गार पडल्यावर, शेंड्यांना दोन थेंब.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर मुंबई, कोकण, गोव्यात हवेत इतकी बाष्पं असतात की केस ती ओढून घेतात आणि उष्णतेने जुळवलेले बंध पुन्हा सुटतात. इथे ब्रशचं तापमान वाढवून उपयोग नाही. २० अंश वाढवले तरी समुद्रावरची हवा तीच राहणार. सिलिकॉनचं, म्हणजे लेबलवर डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलॉक्सेन लिहिलेलं सीरम पाणी आत शिरण्याचा वेग कमी करतं. या दिवसांत केस काडीसारखे सरळ करण्याचा हट्ट सोडून, हवेच्या ब्रशने त्यांना मोठं, सैल वळण देणं शहाणपणाचं. ते अर्धं सुटलं तरी वाईट दिसत नाही.

तक्रार दुसरी: बारीक केस टाळूला चिकटतात, नाहीतर उभे राहतात

बारीक आणि विरळ केसांना स्ट्रेटनिंग ब्रश लागतच नाही. ते आधीच सरळ असतात, त्यांना हवा असतो फुगीरपणा. मोठा अंडाकृती हवेचा ब्रश, ५०० ते ८०० वॅट, मध्यम उष्णता. मुळाशी ब्रश लावताना बट केसांच्या नेहमीच्या दिशेच्या उलट खेचा, म्हणजे डावीकडे पडणारे केस उजवीकडे ओढून वाळवा. मुळं उभी राहतात. कंडिशनर कानाच्या खाली, फक्त शेंड्यांना.

स्ट्रेटनिंग ब्रश घरात आहेच आणि तोच वापरायचा असेल, तर १४० ते १६० अंश, एका बटेवरून एकदाच, आणि मुळापासून दोन बोटं जागा सोडून.

हिवाळ्यात नागपूर, जळगावकडे हवा कोरडी पडते आणि बारीक केस ब्रशमागे उडू लागतात. नुसते नायलॉनचे काटे ही स्थिर वीज वाढवतात. प्राण्यांच्या राठ केसांचे झुपके आणि नायलॉन मिसळलेला ब्रश बरा पडतो. आयन, म्हणजे विजेचा भार असलेले सूक्ष्म कण, सोडणाऱ्या ब्रशचा उपयोग होतो तो इथे, स्थिर वीज कमी करायला. आयनांमुळे केस निरोगी होतात वगैरे जाहिरातीत म्हणतात, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

तक्रार तिसरी: वरून सरळ, आतून फुगलेले

दाट आणि कुरळ्या केसांचं हे हमखास. ब्रश वरच्या थरावरून घसरतो, आतला थर जसाच्या तसा. तापमान वाढवल्याने वरचा थर करपतो, आतला तरीही तसाच.

आधी गुंता मोठ्या दातांच्या फणीने शेंड्यांकडून वर सोडवत या. कानापासून कानापर्यंत आडवा भांग, मग मधला भांग, असे चार भाग करून चिमट्यांनी बांधा. मानेपासून सुरुवात. एका वेळी ३ सेंटिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर जाड बट, त्याहून मोठी नको. बटेतून ब्रशच्या दातांची टोकं पलीकडे दिसली पाहिजेत. दिसत नसतील तर बट जाड झाली. बट ताणून धरा, ब्रश खालच्या बाजूने खुपसा आणि मुळापासून शेंड्यापर्यंत ५ ते ६ सेकंदांत सावकाश आणा. दोन फेरे, फार तर तीन. एकाच बटेवरून भराभर दहा वेळा फिरवण्यापेक्षा हे कमी उष्णतेत होतं.

राठ, न रंगवलेल्या केसांना १९० ते २०० अंश. मध्यम जाडीला १७० ते १८०. कोरड्या केसातलं केराटिन, म्हणजे केस ज्याचा बनतो ते प्रथिन, २२०च्या पुढे कायमचं बिघडू लागतं, तेव्हा २३० अंश दाखवणाऱ्या ब्रशचा तो आकडा वापरण्यासाठी नाही असंच धरून चाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अगदी लहान गोल वळणांचे कुरळे केस ब्रशने फ्लॅट आयर्नइतके सरळ होत नाहीत. फ्लॅट आयर्न, म्हणजे दोन तापणाऱ्या पट्ट्यांचा चिमटा, केसाला दोन्ही बाजूंनी चेपतो. ब्रशचे दात बाजूने स्पर्श करतात आणि मध्ये हवा राहते. कुरळ्या केसांवर ब्रश फुगा उतरवतो आणि वळण मोकळं करतो, तेवढ्यावर समाधान असेल तरच घ्या. एमसीएच (धातू आणि सिरॅमिकच्या) हीटरचा ब्रश साध्या पीटीसी हीटरपेक्षा (तापला की आपोआप वीज कमी खेचणाऱ्या) महाग पडतो, पण दाट केसांत प्रत्येक बटेला उष्णता खेचली जाते, ती तो लवकर भरून काढतो. विरळ केसांसाठी हा खर्च वाया.

चुरचुर आवाज आला तर थांबा

स्ट्रेटनिंग ब्रश फिरवताना चुर्र असा आवाज आणि वाफ येते ती केसातल्या पाण्याची. तापलेल्या दातांशी ओला केस भिडला की आतलं पाणी उकळून केसाच्या गाभ्यात बुडबुडे होतात, आणि तिथे तो नंतर मोडतो. ही मोडतोड दोन आठवड्यांनी दिसते: मध्येच तुटलेले आखूड केस, हाताला दाणेदार लागणारे शेंडे. तोवर संशय शाम्पूवर गेलेला असतो.

उष्णतेपासून वाचवणारा स्प्रेसुद्धा ओलच आहे. खांद्यापर्यंतच्या केसांना ६ ते ८ फवारे, हातभर अंतरावरून, मग फणी फिरवून ३ मिनिटं वाळू द्या. टॉवेलने रगडण्याऐवजी जुना सुती पंचा किंवा टी-शर्ट दाबून पाणी टिपा.

ब्रश केसांत अडकला

ओढू नका आणि कात्री घेऊ नका. आधी बटण बंद, मग प्लग काढा, गार होऊ द्या. गोल ब्रशवर अडकलेल्या बटेला सीरम किंवा कंडिशनर चोळा आणि शेपटीच्या फणीच्या टोकाने खालून थोडे थोडे केस उलट दिशेने सोडवा.

अडकण्याचं कारण बहुधा आकार. ब्रशचा घेर म्हणजे व्यासाच्या साधारण तिप्पट. २५ मिलिमीटरच्या ब्रशला एका वेढ्यात ८ सेंटिमीटर केस लागतात, ३८च्याला १२, ५०च्याला जवळजवळ १६. चांगलं वळण दीड ते दोन वेढ्यांत येतं. म्हणजे मानेपर्यंतच्या कापाला आणि कपाळावरच्या बटांना २५, खांद्यापर्यंत ३८, त्याखाली ५०. कमरेपर्यंतचे केस २५च्या ब्रशवर गुंडाळले तर सात-आठ वेढे बसतात, एकात एक रुततात, आणि बाहेरच्या वेढ्यांपर्यंत हवाही पोचत नाही. बटेची रुंदी ब्रशच्या लांबीपेक्षा कमी हवी. कडेने सांडलेले केसच आधी अडकतात. आपोआप फिरणाऱ्या ब्रशमध्ये शेंडे आधी पकडा, मग बटण दाबा.

अचानक अडकायला लागला असेल तर ब्रशवरचा सिरॅमिकचा लेप उडालेला असू शकतो. थंड ब्रशवरून कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे सिरॅमिक खरवडलं गेलं आहे. त्यावर दुरुस्ती नाही.

मेंदी, कलप, स्मूदनिंग, पांढरे केस

मेंदीचा थर केसाला ताठर करतो. लावल्यावर दोन-तीन वेळा धुऊन मगच ब्रश, आणि तापमान एक पायरी खाली. रंगवलेल्या केसांना १६०च्या वर नको, रंगही लवकर उतरतो. पांढरे केस जास्त उष्णतेने पिवळट पडतात. ते राठ लागले तरी १५०ला थांबा. स्मूदनिंग किंवा रिबॉन्डिंग होऊन सहा-आठ महिने झाले असतील तर डोक्यावर दोन जातींचे केस आहेत: मुळाशी नवे वळणदार, खाली रसायनाने सरळ केलेले. ब्रश फक्त नव्या वाढीवर चालवा आणि खाली उतरताना उचलून घ्या. कृत्रिम केसांचं गंगावन किंवा एक्स्टेंशन वितळतं, त्याला ब्रश लावूच नये.

बोअरवेलच्या जड पाण्याने केस काथ्यासारखे झाले असतील तर ब्रश बदलून काही होणार नाही. महिन्यातून दोनदा क्षार काढणारा शाम्पू वापरा, लेबलवर ईडीटीए असलेला.

ब्रश मध्येच बंद पडतो

दहा मिनिटं चालून बंद आणि गार झाल्यावर पुन्हा चालू, असं होत असेल तर आतला सुरक्षेचा स्विच आपलं काम करतोय. हवा आत घेणाऱ्या जाळीवर गुंतवळ आणि धूळ बसली असणार. प्लग काढून, जुन्या टूथब्रशने जाळी साफ करा. दर आठवड्याला काट्यांतली गुंतवळ काढा. दातांवरचा चिकटा ब्रश थंड असताना, स्पिरिट लावलेल्या कापडाने पुसा, आणि पूर्ण वाळल्यावरच प्लग लावा. पाण्याखाली धरू नका. नेमका ३० किंवा ६० मिनिटांनी बंद होत असेल तर ती आपोआप बंद होण्याची सोय आहे, बिघाड नाही. वायर हलवली की चालू-बंद होत असेल तर मुठीपाशी आतली तार तुटली आहे. हे मात्र धोक्याचं, तेव्हा लगेच वापर थांबवा. वायर मुठीभोवती गुंडाळून ठेवायच्या सवयीने ती तुटते. सैल वेटोळं करून ठेवावी.

पडद्यावर ३६५ किंवा ४०० आकडा दिसून घाबरायला झालं तर तो फॅरनहाइट आहे: ३०० म्हणजे सुमारे १५० सेल्सिअस, ३६५ म्हणजे १८५, ४०० म्हणजे २०४.

अमेरिकेतून कुणी आणलेला ब्रश असेल तर प्लगमध्ये घालण्यापूर्वी मुठीवरचं बारीक अक्षर वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर पिनेचा ॲडॅप्टर पुरे. स्ट्रेटनिंग ब्रश पुष्कळदा असे असतात. हॉट एअर ब्रश मात्र बहुधा फक्त १२० व्होल्टचे. ते आपल्या २३० व्होल्टवर लावले की जवळपास चौपट शक्ती खेचतात आणि काही सेकंदांत जळतात. ॲडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. हजार वॅटच्या ब्रशला निदान १२०० ते १५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर लागेल. तो कित्येक किलोंचा असतो आणि त्याच्या पैशात इथला चांगला ब्रश येतो. इथून तिकडे नेणाऱ्यांचं उलट: २३० व्होल्टचा ब्रश तिकडे जळत नाही, पण चौथाई शक्तीवर कोमट हवा सोडत बसतो.